परदेशी धनप्रेषण आणि बँकांचे ओळख संकेतांक

परदेशात नोकरी करणारा मुलगा गावी आई-वडिलांना पैसे पाठवतो, जहाजावर काम करणारा कोकणातील वा गोव्यातील खलाशी आपल्या वेतनाचा भाग घरच्या खात्यात वळता करतो, किंवा येथील पालक परदेशातील विद्यापीठाचे शुल्क भरतात. अशा प्रत्येक वेळी बँकेच्या अर्जावर खाते क्रमांकाखेरीज आणखी एक रकाना भरावा लागतो. त्यावर कधी ‘स्विफ्ट कोड’, कधी ‘बीआयसी’, तर कधी ‘बँक आयडेंटिफायर कोड’ असे लिहिलेले असते. ही तिन्ही नावे एकाच गोष्टीची आहेत. मात्र पासबुकावर छापलेला आयएफएससी कोडच त्या रकान्यात लिहून देणारे अनेक जण असतात आणि तेथूनच अडचणींना सुरुवात होते.

व्यक्तिगत स्वरूपाच्या परदेशी रकमा मिळवणाऱ्या देशांत भारत जगात पहिल्या क्रमांकावर आहे. २०२४ या वर्षात भारतात सुमारे १२९ अब्ज डॉलर आल्याचा अंदाज जागतिक बँकेने व्यक्त केला होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार देशात आलेल्या अशा रकमांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात, तर १९.७ टक्के केरळमध्ये आल्या. रक्कम पाठवणाऱ्या देशांत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के व संयुक्त अरब अमिरातीचा १९.२ टक्के होता. एवढ्या मोठ्या व्यवहाराचा आधार असलेले हे संकेतांक नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे प्रत्येक खातेदाराने जाणून घेणे हिताचे आहे.

थोडक्यात सांगायचे तर बीआयसी हा बँकेचा पत्ता आहे, खातेदाराचा नव्हे. तो रकमेचा संदेश बँकेच्या दारापर्यंत नेतो. दारापासून खात्यापर्यंतचा प्रवास खाते क्रमांकावर अवलंबून असतो. म्हणून दोन्हींपैकी एकही चुकला तरी रक्कम अडकते किंवा भलतीकडे जाते.

संकेतांकाची गरज का भासली

१९७० च्या दशकापर्यंत बँका एकमेकींना रक्कम देण्याच्या सूचना प्रामुख्याने टेलेक्सवरून पाठवत असत. संदेश मोकळ्या वाक्यांत लिहिलेला असे. तो खरा आहे याची खात्री पटवण्यासाठी दोन्ही बँकांमध्ये ठरलेल्या गुप्त कोष्टकावरून एक परीक्षण अंक काढावा लागे. ही पद्धत संथ होती आणि त्यात मानवी चुकांना भरपूर वाव होता. एकाच बँकेचे नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिले गेल्यास संदेश कोणासाठी आहे, हे ठरवण्यातच वेळ जाई.

या अडचणीवर उपाय म्हणून १९७३ मध्ये १५ देशांतील २३९ बँकांनी एकत्र येऊन ‘सोसायटी फॉर वर्ल्डवाइड इंटरबँक फायनान्शियल टेलिकम्युनिकेशन’ ही सहकारी संस्था बेल्जियममध्ये स्थापन केली. याच नावाचे लघुरूप ‘स्विफ्ट’ असे आहे. संस्थेचे मुख्यालय ब्रुसेल्सजवळील ला हुल्प येथे आहे. १९७७ मध्ये तिचे संदेशजाल प्रत्यक्ष सुरू झाले. भारतीय बँका या जालाशी १९९१ मध्ये जोडल्या गेल्या. आज २०० हून अधिक देश व प्रदेशांतील ११ हजारांहून अधिक संस्था या जालाचा वापर करतात.

संगणकाने संदेश वाचायचा तर प्रत्येक बँकेला एकच आणि निश्चित ओळख असणे आवश्यक होते. त्यातून बीआयसी आकारास आला. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ‘आयएसओ ९३६२’ या मानकात त्याची रचना ठरवून दिलेली आहे आणि या संकेतांकांची नोंदणी करण्याचे काम स्विफ्टकडे आहे. बँकांप्रमाणेच इतर संस्थांनाही हा संकेतांक मिळू लागल्याने आता त्याचे अधिकृत नाव ‘बिझनेस आयडेंटिफायर कोड’ असे झाले आहे. लघुरूप मात्र तेच राहिले.

संकेतांकाची रचना

बीआयसी हा ८ किंवा ११ चिन्हांचा असतो. त्याचे चार भाग पडतात. पहिली चार अक्षरे संस्थेची ओळख देतात. पुढील दोन अक्षरे देशाची असतात. भारतासाठी आय-एन, जर्मनीसाठी डी-ई, अमेरिकेसाठी यू-एस आणि ब्रिटनसाठी जी-बी अशी ही अक्षरे आहेत. त्यानंतरची दोन चिन्हे पूर्वी गाव वा स्थान दर्शवत. मानकाच्या २०१४ मधील आवृत्तीपासून त्यांचा स्थानाशी संबंध जोडला जात नाही. शेवटची तीन चिन्हे शाखेची असून ती ऐच्छिक आहेत. ती दिली नाहीत किंवा त्या जागी एक्स-एक्स-एक्स असे लिहिले, तर संकेतांक मुख्य कार्यालयाचा समजला जातो.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, परदेशातून देणगी घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना ती प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. त्यामुळे संसद मार्गावरील या शाखेचे संकेतांक जाहीर झालेले आहेत. तिचा बीआयसी एस-बी-आय-एन-आय-एन-बी-बी-१-०-४ असा आहे. यातील एस-बी-आय-एन ही बँक, आय-एन हा देश, बी-बी ही पुढील दोन चिन्हे आणि १०४ ही शाखा होय. फ्रँकफर्ट येथील डॉइश बँकेचा संकेतांक डी-ई-यू-टी-डी-ई-एफ-एफ असा केवळ आठ अक्षरी आहे. त्याच्या शेवटी शाखेची चिन्हे नाहीत आणि तरीही तो पूर्ण आहे.

आठव्या स्थानी ० हा अंक आढळल्यास तो संकेतांक चाचणीसाठी असतो, तर १ असल्यास ती संस्था संदेशजालाशी थेट जोडलेली नसते, असा परंपरागत संकेत आहे. बीआयसीमध्ये अशी खूण देणारी चिन्हे असली, तरी लिहिण्यातील चूक पकडणारा पडताळणी अंक मात्र त्यात नाही. एखादे अक्षर चुकले आणि चुकीने तयार झालेला संकेतांक दुसऱ्या एखाद्या बँकेचा निघाला, तर संगणक त्याला हरकत घेत नाही.

आयएफएससी कोडशी होणारी गल्लत

आयएफएससी म्हणजे ‘इंडियन फायनान्शियल सिस्टीम कोड’. हा भारतापुरता मर्यादित आहे. २००४ मध्ये सुरू झालेली आरटीजीएस, २००५ मध्ये सुरू झालेली एनईएफटी आणि त्यानंतरची आयएमपीएस या देशांतर्गत प्रणालींत बँकेची शाखा ओळखण्यासाठी तो वापरला जातो. तोही ११ चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह नेहमी शून्य आणि शेवटची सहा चिन्हे शाखेची, अशी त्याची रचना आहे.

गोंधळाचे मूळ येथेच आहे. वर उल्लेखिलेल्या नवी दिल्ली मुख्य शाखेचा आयएफएससी एस-बी-आय-एन-०-०-०-०-६-९-१ असा आहे. म्हणजे एकाच शाखेच्या दोन्ही संकेतांकांत ११ चिन्हे आहेत आणि दोन्हींची पहिली चार अक्षरे तीच आहेत. बँक ऑफ महाराष्ट्रच्या बाबतीतही दोन्ही संकेतांक एम-ए-एच-बी या अक्षरांनीच सुरू होतात. फरक ओळखण्याची सोपी खूण पाचव्या स्थानी आहे. तेथे शून्य असेल तर तो आयएफएससी. पाचव्या व सहाव्या स्थानी आय-एन ही अक्षरे असतील तर तो भारतीय बँकेचा बीआयसी. या दोघांच्या शाखा क्रमांकांचाही परस्परसंबंध नसतो. आयएफएससीतील ६९१ आणि बीआयसीतील १०४ ही एकाच शाखेची दोन स्वतंत्र नावे आहेत. एकावरून दुसरे तयार करता येत नाही.

धनादेशाच्या तळाशी छापलेला नऊ अंकी एमआयसीआर क्रमांक हा तिसराच प्रकार होय. त्यातील पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असतात. मुंबईसाठी ४००, पुण्यासाठी ४११ आणि दिल्लीसाठी ११० हे अंक वापरले जातात. हा क्रमांक धनादेश वटवण्याच्या यंत्रणेसाठी आहे. परदेशातून रक्कम मागवताना त्याचा उपयोग नसतो.

आयबॅन म्हणजे काय

युरोपातून किंवा आखाती देशांतून रक्कम पाठवणारे नातेवाईक अनेकदा ‘तुमचा आयबॅन कळवा’ असे सांगतात. आयबॅन म्हणजे ‘इंटरनॅशनल बँक अकाउंट नंबर’. ‘आयएसओ १३६१६’ या मानकानुसार तो जास्तीत जास्त ३४ चिन्हांचा असू शकतो. सुरुवातीला देशाची दोन अक्षरे, मग दोन पडताळणी अंक आणि त्यानंतर त्या देशातील बँक व खाते यांचा तपशील, अशी त्याची मांडणी असते. त्याची लांबी देशागणिक ठरलेली आहे. नॉर्वेत ती १५, जर्मनीत व ब्रिटनमध्ये २२, संयुक्त अरब अमिरातीत २३, सौदी अरेबियात २४ आणि फ्रान्समध्ये २७ चिन्हांची असते.

बीआयसी बँक ओळखतो, तर आयबॅन खाते ओळखतो. आयबॅनचा मोठा लाभ म्हणजे त्यातील पडताळणी अंक. पहिली चार चिन्हे शेवटी नेऊन आणि प्रत्येक अक्षराच्या जागी १० ते ३५ पैकी ठरलेला अंक ठेवून तयार होणाऱ्या संख्येस ९७ ने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. तशी ती उरली नाही, तर लिहिण्यात चूक झाल्याचे रक्कम निघण्यापूर्वीच उघड होते.

भारताने ही पद्धत स्वीकारलेली नाही. अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथेही ती नाही. त्यामुळे भारतीय खात्याला आयबॅन नसतो. परदेशी अर्जात तो रकाना असल्यास बँकेचा बीआयसी आणि आपला पूर्ण खाते क्रमांक द्यावा. भारतीय खाते क्रमांकाची लांबीही सर्वत्र सारखी नाही. भारतीय स्टेट बँकेत तो ११ अंकी, आयसीआयसीआय बँकेत १२ अंकी, तर एचडीएफसी बँकेत १४ अंकी आहे. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही त्याचा भाग असतात. ती गाळू नयेत.

रक्कम प्रत्यक्षात कशी येते

स्विफ्टच्या जालातून पैसे वाहतात असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातून केवळ संदेश जातात. पैसे हलतात ते बँकांच्या आपापसांतील खात्यांत. अमेरिकी डॉलरचे व्यवहार करणारी भारतीय बँक न्यूयॉर्कमधील एखाद्या बँकेत डॉलरचे खाते ठेवते. भारतीय बँकेच्या दृष्टीने हे ‘नोस्ट्रो’ खाते होय. याउलट परदेशी बँकेने भारतीय बँकेत रुपयांचे खाते ठेवले, तर ते ‘व्होस्ट्रो’ खाते म्हणून ओळखले जाते. अशी खाती सांभाळणाऱ्या बँकेस प्रतिनिधी बँक म्हणतात.

समजा, अमेरिकेतील एका छोट्या शहरातून नागपूरच्या खात्यात १,००० डॉलर पाठवायचे आहेत. पाठवणारी बँक छोटी असल्यास तिचे भारतीय बँकेशी थेट खाते नसते. ती आपल्या मोठ्या बँकेला कळवते. ती मोठी बँक न्यूयॉर्कमध्ये भारतीय बँकेच्या नोस्ट्रो खात्यात डॉलर जमा करते आणि संदेश भारतात येतो. येथे आल्यावर भारतीय बँक त्या दिवसाच्या दराने रुपये करून खात्यात जमा करते. या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर पुढची बँक कोणती, हे बीआयसीवरूनच ठरते. म्हणूनच अर्जावर काही वेळा लाभार्थीच्या बँकेखेरीज ‘मध्यस्थ बँक’ असाही रकाना असतो. त्या चलनासाठी आपल्या बँकेची प्रतिनिधी बँक कोणती, याची माहिती शाखेत किंवा बँकेच्या संकेतस्थळावर मिळते.

प्रत्येक टप्प्यावर वेळही जातो. साप्ताहिक सुट्ट्या देशोदेशी निराळ्या आहेत. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शनिवार व रविवार ही सुट्टी स्वीकारली, तर सौदी अरेबियात ती शुक्रवारी व शनिवारी असते. भारतात एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र सुरू आहे. परंतु मधल्या देशातील बँक बंद असेल, तर रक्कम तेथेच थांबते.

शाखेला बीआयसी नसेल तर

भारतातील प्रत्येक शाखेला आयएफएससी असतो. बीआयसी मात्र मोजक्याच शाखांना असतो, कारण परकीय चलनाचे व्यवहार ठरावीक शाखांमध्ये केंद्रित केलेले असतात. ग्रामीण शाखांतील आणि अनेक सहकारी बँकांतील खातेदारांना यामुळे संकेतांक नसल्याचे उत्तर मिळते. याचा अर्थ परदेशातून रक्कम येऊच शकत नाही, असा नव्हे. अशा वेळी बँकेच्या मुख्य कार्यालयाचा अथवा परकीय चलन शाखेचा बीआयसी द्यायचा असतो. त्यासोबत आपल्या शाखेचे नाव, तिचा आयएफएससी आणि खाते क्रमांक संदेशात स्पष्ट नमूद करावा लागतो. ज्या सहकारी बँकेस परकीय चलन व्यवहाराचा परवाना नाही, तिच्या खातेदाराची रक्कम आधी दुसऱ्या बँकेमार्फत घ्यावी लागते. त्याचा नेमका मार्ग आपल्या बँकेकडून लेखी घ्यावा.

आखाती देशांतून एक्स्चेंज कंपनीमार्फत रक्कम पाठवताना बहुधा बीआयसी विचारलाच जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या ‘रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट’ या व्यवस्थेत एक्स्चेंज कंपनीचे भारतीय बँकेत रुपयांचे व्होस्ट्रो खाते असते. तेथून पुढील प्रवास देशांतर्गत प्रणालीतून होतो. म्हणून अशा ठिकाणी आयएफएससी आणि खाते क्रमांक पुरेसा असतो. रोख रक्कम देणाऱ्या ‘मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम’मध्ये बँक खात्याचीही गरज नसते. तेथे एका व्यवहाराची मर्यादा २,५०० डॉलर असून, एका लाभार्थीस वर्षाला ३० व्यवहार करता येतात. रोखीने जास्तीत जास्त ५० हजार रुपये मिळतात.

यावरून एक नियम लक्षात येतो. परदेशातील बँक खात्यातून थेट भारतातील खात्यात रक्कम येणार असेल तर बीआयसी द्यावा. मध्यस्थ कंपनी रुपयांत रक्कम देणार असेल तर आयएफएससी द्यावा. शंका असल्यास दोन्ही संकेतांक त्यांच्या नावांसह वेगवेगळे लिहून द्यावेत.

परदेशी रक्कम पाठवताना

भारतातून परदेशी रक्कम पाठवताना बँकेत ‘ए-२’ हा अर्ज भरावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत धनप्रेषण योजनेनुसार निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. फेब्रुवारी २००४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा २५ हजार डॉलर होती. ठरावीक रकमेपुढे उगमस्थानी कर गोळा केला जातो. त्याचे दर व मर्यादा अर्थसंकल्पात बदलत असल्याने व्यवहाराच्या दिवशी बँकेकडून त्यांची खात्री करून घ्यावी.

प्रत्येक देशाला बीआयसीसोबत निराळा तपशील लागतो. युरोपीय देशांत व ब्रिटनमध्ये आयबॅन द्यावा. अमेरिकेत खाते क्रमांकासोबत नऊ अंकी राउटिंग क्रमांक लागतो. ऑस्ट्रेलियात सहा अंकी बीएसबी क्रमांक, तर कॅनडात तीन अंकी संस्था क्रमांक व पाच अंकी ट्रान्झिट क्रमांक विचारला जातो. ब्रिटनमधील सहा अंकी सॉर्ट कोड तेथील आयबॅनमध्येच समाविष्ट असतो.

व्यवहाराचे कारण दर्शवणारा संकेतांकही आवश्यक असतो. उदाहरणार्थ, अनिवासी भारतीयाने कुटुंबाच्या निर्वाहासाठी व बचतीसाठी पाठवलेल्या रकमेस रिझर्व्ह बँकेच्या यादीत पी-१३०१ हा संकेतांक आहे. कारण स्पष्ट नसेल, तर संकेतांक आणि खाते क्रमांक बरोबर असूनही बँक रक्कम जमा करण्यापूर्वी विचारणा करते.

शुल्क कोणी सोसायचे, हेही अर्जावर नमूद करायचे असते. ‘अवर’ या पर्यायात सर्व शुल्क पाठवणारा भरतो. ‘शेअर्ड’ या पर्यायात दोघे आपापल्या बाजूचे भरतात. ‘बेनिफिशियरी’ या पर्यायात सर्व शुल्क मिळणाऱ्या रकमेतून वजा होते. विद्यापीठाचे १०,००० डॉलर शुल्क भरताना दुसरा पर्याय निवडला आणि मधल्या बँकेने २० डॉलर कापले, तर विद्यापीठाकडे ९,९८० डॉलर जमा होतात. विद्यापीठाच्या दफ्तरी विद्यार्थ्याच्या नावे थकबाकी दिसते. प्रवेशाची मुदत जवळ आलेली असताना हा फरक महागात पडू शकतो.

संकेतांक चुकला तर

अस्तित्वात नसलेला संकेतांक दिल्यास संदेश सहसा पाठवणाऱ्या बँकेतच अडतो. फारशी हानी होत नाही. संकेतांक योग्य बँकेचा पण भलत्या शाखेचा असेल, तर बँक खाते क्रमांकावरून ते शोधू शकते, मात्र विलंब होतो. संकेतांक दुसऱ्याच बँकेचा असेल, तर त्या बँकेला खाते सापडत नाही आणि रक्कम परत जाते. परतीच्या प्रवासात शुल्क कापले जाते आणि चलनाच्या दरातील फरकाचा भुर्दंडही बसतो. सर्वांत धोक्याची स्थिती म्हणजे बँक बरोबर, पण खाते क्रमांक दुसऱ्याचा. अशी रक्कम त्या व्यक्तीच्या संमतीविना परत मिळवणे कठीण असते.

नाव बरोबर लिहिले म्हणून चूक पकडली जाईल, अशा भरवशावर राहू नये. देशांतर्गत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत केवळ खाते क्रमांकाच्या आधारे रक्कम जमा करता येते आणि तो अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच स्पष्ट केले होते. आरटीजीएस व एनईएफटी करण्यापूर्वी लाभार्थीचे नाव पडताळून पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्याचे निर्देश बँकांना देण्यात आले. युरो क्षेत्रातील बँकांनाही ऑक्टोबर २०२५ पासून अशी पडताळणी बंधनकारक झाली. ही सोय त्या त्या क्षेत्रातील व्यवहारांसाठी आहे. परदेशातून भारतीय खात्यात येणाऱ्या रकमेबाबत ती गृहीत धरू नये.

बँकांच्या विलीनीकरणानंतर जुने संकेतांक कालबाह्य होतात, याकडेही लक्ष हवे. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून सिंडिकेट बँकेचे आयएफएससी तसेच तिचा बीआयसी बंद करण्यात आला. देना, विजया, अलाहाबाद, आंध्र, कॉर्पोरेशन, ओरिएंटल आणि युनायटेड या बँकांचीही २०१९ व २०२० मध्ये इतर बँकांत विलीनीकरणे झाली. परदेशातील नातेवाइकांच्या जुन्या वहीत किंवा संगणकात साठवलेला संकेतांक अशा बँकेचा असेल, तर तो बदलून द्यावा.

फसवणुकीपासून सावधगिरी

संदेशजाल सुरक्षित असले, तरी त्याच्या दोन टोकांना असलेली यंत्रणा कमकुवत असू शकते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरकाव करून न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलर काढण्याच्या ३५ सूचना पाठवण्यात आल्या. त्यांपैकी १० कोटी १० लाख डॉलर निघून गेले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी डॉलर मात्र लाभार्थी संस्थेच्या नावातील ‘फाउंडेशन’ हा शब्द चुकीचा लिहिलेला आढळल्याने रोखले गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडण्यात आले. त्यांपैकी जवळपास १४ कोटी रुपये स्विफ्टच्या मार्गाने हाँगकाँगमधील खात्यात पाठवण्यात आले होते.

सामान्य ग्राहकाला धोका असतो तो बनावट ईमेलचा. परदेशी पुरवठादार, विद्यापीठ वा घरमालक यांच्या नावाने ‘आमची बँक बदलली आहे, नवा संकेतांक पुढीलप्रमाणे’ असा संदेश येतो. त्यातील संकेतांक खरा असतो, कारण तो खऱ्या बँकेचाच असतो. खाते मात्र भामट्याचे असते. संकेतांक खरा आहे, एवढ्यावरून व्यवहार खरा ठरत नाही, तो याचसाठी. अशा वेळी त्या ईमेलला उत्तर न देता आधीपासून आपल्याकडे असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधून खात्री करावी. संकेतांकातील पाचवे व सहावे अक्षर देशाचे असते, हे ज्ञान येथे उपयोगी पडते. जर्मनीतील विद्यापीठाच्या शुल्कासाठी दिलेल्या संकेतांकात डी-ई ऐवजी दुसऱ्याच देशाची अक्षरे आढळल्यास थांबून चौकशी करावी. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच बँकेला आणि १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

रक्कम अडकल्यास

नोव्हेंबर २०१८ पासून स्विफ्टवरील ग्राहक धनप्रेषणाच्या प्रत्येक संदेशास ३६ चिन्हांचा एकमेव संदर्भ क्रमांक देणे बंधनकारक आहे. त्यास ‘यूईटीआर’ म्हणतात. साखळीतील कोणत्या बँकेत संदेश थांबला आहे, हे त्यावरून समजते. त्यामुळे रक्कम पाठवणाऱ्याने आपल्या बँकेकडून हा क्रमांक व संदेशाची प्रत मागून घ्यावी आणि ती लाभार्थीने आपल्या शाखेत द्यावी. पूर्वी ही प्रत ‘एमटी १०३’ या नावाने ओळखली जाई. मार्च २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या संक्रमण काळात बँका ‘आयएसओ २००२२’ या नव्या संदेश पद्धतीकडे वळल्या. तिच्यात पत्ता, नाव व कारण यांसाठी अधिक काटेकोर रकाने आहेत. बीआयसीचे महत्त्व मात्र तिच्यातही कायम आहे.

चूक आपली असल्यास पाठवणाऱ्याने आपल्या बँकेत दुरुस्तीचा अथवा रद्द करण्याचा लेखी अर्ज द्यावा. चौकशी नेहमी पाठवणाऱ्या बँकेकडून सुरू होते. लाभार्थीच्या बँकेला संदेशच मिळाला नसेल, तर तिच्या हाती शोधण्यासारखे काही नसते. भारतीय बँकेकडे केलेल्या तक्रारीचे ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

व्यवहारापूर्वी तपासावयाच्या बाबी

१. बीआयसी आपल्या बँकेच्या शाखेतून किंवा अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. अन्यत्र मिळालेल्या यादीवर विसंबू नये. स्विफ्टच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहता येतो.

२. चिन्हे मोजावीत. ८ किंवा ११ याखेरीज कोणतीही संख्या चुकीची होय. भारतीय बँकेसाठी पाचव्या व सहाव्या स्थानी आय-एन असल्याची खात्री करावी.

३. इंग्रजी ओ हे अक्षर आणि शून्य, तसेच आय हे अक्षर आणि एक हा अंक यांत गल्लत होऊ देऊ नये. संकेतांक दूरध्वनीवरून सांगण्यापेक्षा लिहून पाठवावा.

४. नाव पासबुकात आहे तसेच द्यावे. खाते अनिवासी व्यक्तीचे असल्यास ते एनआरई आहे की एनआरओ, हे स्पष्ट करावे.

५. मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी शक्य असल्यास छोटी रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करावी.

६. पावती व संदर्भ क्रमांक रक्कम जमा होईपर्यंत जपून ठेवावा.

रक्कम पाठवणारा हजारो मैलांवर असतो आणि तिची वाट पाहणारा बहुधा शाखेच्या खिडकीपाशी उभा असतो. या दोघांच्या मध्ये असलेल्या बँका एकमेकींना केवळ या अकरा चिन्हांनी ओळखतात. अर्जावर सही करण्यापूर्वी ती एकदा मोजून आणि पडताळून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. चुकलेली रक्कम परत मिळवण्यास मात्र कित्येक आठवडे लागू शकतात.